धूर लागल्याशिवाय न उगवणारं फूल

८ सप्टेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या माउंट डियाब्लो या डोंगराच्या उतारावर आग लागली. पुढे 'मॉर्गन फायर' या नावाने ओळखल्या गेलेल्या या आगीत सुमारे ३१०० एकरांवरचं रान जळालं. मागे उरले काळे बुंधे, राख आणि उघडी माती. त्यानंतरचा हिवाळा कोरडा गेला, कारण कॅलिफोर्निया तेव्हा दुष्काळात होता. तरीही २०१४ च्या वसंतात त्या काळ्या उतारांवर एक लहानसं, फिकट पिवळ्या घंटांचं फूल उमललं. आदल्या वसंतात त्याच उतारांवरून चालणाऱ्याला ते शोधूनही सापडलं नसतं. या डोंगरावरची त्याआधीची मोठी आग १९७७ सालची होती. म्हणजे उगवलेल्या बियांपैकी बऱ्याचशा निदान ३६ वर्षं मातीत पडून असाव्यात.

बाहेरचं बी वाऱ्याने येऊन एवढ्या मोठ्या उतारावर एका हिवाळ्यात पसरलं असेल, हे पटण्यासारखं नाही. बी तिथेच होतं. मग ३६ पावसाळी हंगाम ओले होऊन कोरडे झाले तेव्हा ते का उगवलं नाही, आणि सदतिसाव्या वेळी, तेही कमी पावसात, कसं उगवलं? प्रकरण एवढंच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांना हे कोडं माउंट डियाब्लोच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं आणि त्याची उकल करायला त्यांना चाळीसेक वर्षं लागली. ती पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही, त्याकडे शेवटी येऊ.

या फुलाला इंग्रजीत 'व्हिस्परिंग बेल्स' म्हणतात, म्हणजे कुजबुजणाऱ्या घंटा. शास्त्रीय नाव एमेनान्थी पेंड्युलिफ्लोरा. पाकळ्यांची घंटा खाली लोंबते म्हणून 'पेंड्युलिफ्लोरा', आणि फूल सुकल्यावरही झडत नाही म्हणून 'एमेनान्थी'. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'टिकून राहणारं फूल'. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज बेंथम या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं तेव्हा टिकून राहण्याची खरी कमाल फुलात नसून बियांत आहे, हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. सुकलेल्या घंटा कागदासारख्या होतात आणि वाऱ्याची झुळूक आली की एकमेकींवर घासून सळसळतात. कुजबूज म्हणतात ती हीच. रोप एकाच हंगामाचं, साधारण घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीचं, अंगावर चिकट लव असलेलं. त्याला उग्र वास येतो. या वंशात जाती एवढी एकच. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोना आणि सीमेपलीकडे मेक्सिकोचा लगतचा भाग हा त्याचा मुलूख.

कॅलिफोर्नियातला त्याचा मुख्य पत्ता म्हणजे चॅपरॅल. हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळाभर एक थेंबही नाही, अशा हवेत वाढणारं हे चिवट, जाड पानांचं, सदाहरित झुडपांचं रान. माणसाच्या डोक्याइतकं किंवा त्याहून थोडं उंच, आणि इतकं दाट की वाट काढताना कपडे फाटतात. उन्हाळ्याच्या अखेरीस ते इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी पुरते. मोठे वणवे बहुधा शरद ऋतूत, वाळवंटाकडून कोरडे वारे सुटले की पेटतात. वय झालेल्या चॅपरॅलच्या आत वाकून पाहिलं तर जमिनीवर पालापाचोळा दिसतो, हिरवं गवत किंवा छोटी रोपं जवळपास नाहीत. आणि जळाल्यानंतरच्या पहिल्या वसंतात तीच जमीन फुलांनी भरून जाते.

उकल करायची ती या भरून जाण्याची. पण मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वसंतातली वाटत नाही, दुसऱ्या वसंतातली वाटते. पहिल्या वर्षी एमेनान्थीची रोपं फुलतात, भरपूर बी टाकतात आणि मरतात. दुसऱ्या हिवाळ्यात पाऊस पडतो तेव्हा जमीन अजून बरीच उघडी असते. झुडपांचे धुमारे लहान असतात, ऊन थेट मातीवर पडतं. रोपाला याहून चांगली जागा मिळणं अवघड. आणि तरीही एमेनान्थीची संख्या एकदम कोसळते. ताजं बी मातीत आहे, पाणी आहे, ऊन आहे, आणि बी उगवत नाही. जो कोणी या प्रकरणाची उकल सांगेल त्याला या दुसऱ्या वर्षाचा हिशोब द्यावाच लागेल. पुढचे दोन संशयित याच कसोटीवर पडले.

पहिला संशय अर्थातच आगीच्या धगीवर गेला. आगीनंतर उगवतं म्हणजे आगीने काहीतरी केलं, आणि आग मुख्यतः तापवते. चॅपरॅलमध्ये याचं पक्कं उदाहरणही होतं. सीॲनोथस नावाच्या झुडपांच्या बिया टणक असतात, त्यांच्या टरफलातून पाणी आत शिरत नाही. वणव्याच्या उष्णतेने टरफलाला तडा जातो, पाणी आत जातं आणि बी रुजतं. साधं, यांत्रिक उत्तर. एमेनान्थीच्या बीला मात्र ते लागू पडेना. या बिया पाणी शोषतात. भिजवल्या की फुगतात, आणि फुगून तशाच पडून राहतात. त्यांचं दार बंद नव्हतं, आतला माणूसच उठायला तयार नव्हता. गरम करूनही त्या रुजल्या नाहीत. उष्णता वाढवत नेली तर शेवटी मरतात, रुजत नाहीत.

दुसरा संशय झुडपांवर गेला, आणि हा काळ मोठा गमतीचा आहे. १९६०च्या दशकात सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉर्नेलियस मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की ही झुडपं विषारी रसायनं सोडून आपल्याखाली काही उगवू देत नाहीत. सेजच्या झुडपांभोवती उघड्या जमिनीचं कडं दिसतं, ते त्यांच्या पानांतून हवेत उडणाऱ्या द्रव्यांमुळे. चमीज या झुडपाच्या पानांवरून पावसाचं पाणी खाली झिरपतं, त्यात रोपं मारणारी द्रव्यं असतात. मग आग लागते, झुडपं आणि त्यांचं विष दोन्ही जळतं आणि दबलेल्या बिया मोकळ्या होतात. कथा सुबक होती. पाठ्यपुस्तकांना ती फार आवडली, आणि मलाही पहिल्यांदा वाचली तेव्हा आवडली होती हे कबूल करतो.

१९७० मध्ये ब्रूस बार्थोलोम्यू या संशोधकाने झुडपांभोवतीच्या त्या उघड्या कड्यांवर जाळीचे पिंजरे लावले. उंदीर आणि ससे आत जाऊ शकत नव्हते, झुडपाची वाफ मात्र जाऊ शकत होती. पिंजऱ्यात गवत उगवलं. म्हणजे निदान तिथे तरी चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला होता. झुडपाच्या आडोशाला लपलेले उंदीर बाहेर येऊन चरत होते, त्यामुळे जमीन उघडी दिसत होती. अर्थात चॅपरॅलच्या आतली शांतता एवढ्याने उलगडत नाही, आणि मुलर यांचं सगळं म्हणणं एका पिंजऱ्याने खोटं ठरलं असंही नाही. पण एमेनान्थीपुरतं बोलायचं तर दुसऱ्या वसंताची कसोटी लावा. विषाची झुडपं जळून गेली आहेत, नवे धुमारे गुडघ्याएवढे आहेत आणि ताजं बी तरीही उगवत नाही. शिवाय प्रयोगशाळेत, जिथे झुडूपच नाही, अशा स्वच्छ ओल्या कागदावरही ते उगवत नाही. कुलूप बीच्या आतच होतं.

तिसरं वळण जळक्या लाकडाचं. १९७७ मध्ये डी. टी. विकलो यांनी एमेनान्थीच्या बियांबरोबर जळकं लाकूड ठेवून पाहिलं, आणि बिया रुजल्या. उष्णता नाही, ज्वाळा नाही, बाहेर जाळून थंड केलेल्या लाकडाची नुसती सोबत. पुढे जॉन कीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हा धागा धरला. जळक्या लाकडातलं जे काही काम करत होतं ते पाण्यात उतरत होतं. १९८६ मध्ये कीली आणि पिझ्झोर्नो यांनी लाकडातल्या हेमिसेल्युलोज या घटकाकडे बोट दाखवलं. लाकडाचा पुरता कोळसा होण्याचीही गरज नव्हती, चांगलं भाजलं तरी पुरत होतं.

या टप्प्यावर प्रकरण अर्धं उलगडलं होतं आणि त्याच वेळी चुकीच्या वाटेला लागलं होतं. आगीने बीला हात लावायची गरज नाही, ती आपली खूण मागे ठेवते आणि ती खूण रासायनिक आहे, इथपर्यंतचं उत्तर बरोबर होतं. पण सगळ्यांची नजर काळ्या लाकडावर खिळली. लाकूड जळतं तेव्हा त्यातून आणखी काय निघतं, हा प्रश्न डोळ्यांसमोरून, अक्षरशः डोळे चुरचुरवत, निघून जात होता.

तो प्रश्न दुसऱ्याच खंडात विचारला गेला. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला फिनबॉस नावाचं असंच आगीवर जगणारं झुडपी रान आहे. तिथे डी लांगे आणि बाउचर हे संशोधक ऑडोइनिया कॅपिटाटा या दुर्मीळ झुडपाचं बी उगवायचा प्रयत्न करत होते आणि ते उगवत नव्हतं. त्यांनी झाडपाला जाळून नुसता धूर मातीवर सोडला. बी रुजलं. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्निया इथल्या कितीतरी जातींवर लोकांनी धूर देऊन पाहिला. जळकं लाकूड, भाजलेलं लाकूड, त्याचं पाणी, या सगळ्यांत समान काय होतं ते आता दिसू लागलं. त्या सगळ्यांना धूर लागलेला होता.

कॅलिफोर्नियात कीली आणि सी. जे. फोदरिंगहॅम यांनी एमेनान्थीवर केलेले धुराचे प्रयोग १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. त्यांची मांडणी इथे जरा सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण एकेक पळवाट ते कशी बंद करत गेले ते त्यातून कळतं.

बियांना थेट धूर दिला, त्या रुजल्या. ठीक. पण थेट धुरात थोडी उष्णता असते, काजळी असते, बीच्या अंगावर काहीबाही बसतं. मग त्यांनी बियांना धूर लावलाच नाही. वाळूला लावला, कागदाला लावला, आणि त्यावर बिया ठेवल्या. तरीही रुजल्या. म्हणजे धुरातलं द्रव्य वाळूच्या कणांना चिकटून राहतं आणि तिथून बीला पोचतं. आता शेवटची पायरी. धुरावलेली वाळू आणि बिया यांचा स्पर्शच होऊ दिला नाही, मधे फक्त हवा ठेवली. वाळूतून निघणारी वाफ बियांपर्यंत पोचली आणि स्वच्छ कागदावरच्या, धूर कधीच न पाहिलेल्या बिया रुजल्या.

स्पर्शाशिवाय हवेतून जातं, तर ते वायुरूप असणार. मग त्यांनी नायट्रोजनची ऑक्साइडं देऊन पाहिली. झाडपाला जळताना त्यातल्या नायट्रोजनपासून ही बनतात, आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्यातलंच. रुजण्याचं प्रमाण १०० टक्क्यांवर गेलं, धुरासारखंच. तुलनेसाठी ठेवलेल्या, धूर न दिलेल्या बिया सुप्तच राहिल्या. शेतकऱ्याच्या चांगल्या बियाण्यातही शंभरात शंभर सहसा रुजत नाहीत. इथे तर वर्षानुवर्षं ढिम्म न हलणाऱ्या रानटी बिया होत्या.

नायट्रोजनकडे बोट करणारे ते पहिले नव्हते. १९९५ मध्येच कोस्टास थानोस आणि फिलिप रंडेल यांनी एमेनान्थी आणि तिच्या नात्यातल्या फॅसिलियावर काम करून मांडलं होतं की जळालेल्या जमिनीतली नायट्रेट आणि अमोनियमसारखी नायट्रोजनयुक्त द्रव्यं या बियांना जागं करतात. कीली आणि फोदरिंगहॅम यांच्या मांडणीतही माती येतेच. वणवा विझल्यावर जमिनीतले सूक्ष्मजीव नायट्रोजनचं रूपांतर करत राहतात आणि त्यातूनही हे वायू निघतात. मला ही बाब फार मोलाची वाटते, कारण आग आणि पाऊस यांच्यात अंतर असतं. वणवा सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतो, चांगला पाऊस कधी दोन-तीन महिन्यांनी येतो. धूर तर दुसऱ्याच दिवशी उडून गेलेला असतो. पण वाळूला चिकटलेलं द्रव्य मागे राहतं आणि जळालेली माती स्वतःही दम सोडत राहते. निरोप्या निघून गेला तरी निरोप जमिनीत लिहिलेला असतो.

बीच्या आत नेमकं काय होतं, याचा एक तुकडा पुढच्याच वर्षी हाती आला. लुईस एगर्टन-वॉरबर्टन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की एमेनान्थीच्या टरफलाखाली एक पातळ मेणचट पापुद्रा असतो. सुप्त बीत तो पाण्याला वाट देतो, पण पाण्यात विरघळलेल्या इतर द्रव्यांना अडवतो. धूर दिल्यावर या पापुद्र्याची रचना बदलते आणि तो अधिक सच्छिद्र होतो. भिजूनही न उठणाऱ्या बीचं कोडं इथे थोडं उलगडतं. पाणी आत जात होतं, देवाणघेवाण होत नव्हती.

आता मागे वळून सगळ्याकडे झाडाच्या बाजूने पाहू. न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, अनुमानाचं उदाहरण आपण ऐकून ऐकून गुळगुळीत केलं आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. एमेनान्थीचं बी हेच अनुमान करतं, फक्त त्याला अग्नीशी कर्तव्य नसतं, अग्नीनंतरच्या जागेशी असतं. धूर आहे म्हणजे वरची झुडपं गेली, ऊन खाली पोचणार, राखेतलं खत मातीत आहे आणि झुडपांच्या आडोशाने चरणारे उंदीर-ससे उघड्यावर फिरकायला धजणार नाहीत. एका हंगामाचं आयुष्य असलेल्या, गुडघाभर उंचीच्या रोपाला चॅपरॅलमध्ये अशी संधी दोन-चार दशकांतून एकदा मिळते. उष्णतेवर अवलंबून राहण्यात धोका होता. धग जमिनीत दोन बोटांवरच विरते, शिवाय एका ठिकाणी बी मारण्याइतकी तर हातभर अंतरावर जेमतेम कोमट. धूर मात्र सगळ्या उतारावर जवळपास सारखा बसतो. आणि दुसऱ्या वसंताचा हिशोबही इथे आपोआप लागतो. पहिल्या वर्षी पडलेल्या ताज्या बियांना धूर लागलेलाच नसतो. त्या खाली जातात आणि पुढच्या वणव्याची वाट पाहू लागतात.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण हाच वायू सगळ्या धूरप्रेमी बियांची किल्ली आहे असं मानण्याची घाई लवकरच अंगाशी आली. अमेरिकेच्या पश्चिमेकडचाच निकोटियाना ॲटेन्युएटा हा रानतंबाखू आगीनंतर उगवतो, तोही धुरानेच. कॅथरीन प्रेस्टन आणि इयान बाल्डविन यांना मात्र त्याच्या बियांवर नायट्रोजन डायऑक्साइडचा तसा परिणाम दिसला नाही. मग २००४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गॅव्हिन फ्लेमॅटी आणि सहकाऱ्यांनी धुरातलं एक वेगळंच द्रव्य शोधून काढलं. अत्यल्प प्रमाणातही ते अनेक जातींच्या बिया रुजवतं. त्याला पुढे कॅरिकिनोलाइड नाव मिळालं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या नूंगार भाषेत 'कॅरिक' म्हणजे धूर, त्यावरून. या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहेत, नायट्रोजनचा अणू एकही नाही. सेल्युलोज जळतानाही ते तयार होतं. २०११ मध्ये त्याच गटाने धुरातलं आणखी एक, सायनाइड सोडणारं द्रव्य दाखवलं, जे ऑस्ट्रेलियातल्या कांगारू-पॉ या फुलझाडाच्या बिया जागवतं. धुरात हजारो द्रव्यं असतात. वेगवेगळ्या खंडांवरच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या झाडांनी 'आग होऊन गेली' ही एकच बातमी त्यातल्या वेगवेगळ्या शब्दांवरून ओळखायला शिकून घेतली, असं आजचं चित्र आहे. एमेनान्थीपुरताही १९९७ चा निष्कर्ष आता वादातीत नाही, २००४ मध्ये प्रेस्टन आणि बाल्डविन यांच्याच गटाने त्यावर शंका घेतली. तो तसाच उचलून शेजारच्या झाडाला तर लावता येतच नाही.

याचा जमिनीवरच्या निर्णयांशी थेट संबंध होता. दक्षिण कॅलिफोर्नियात अनेक दशकं असा प्रघात होता की वणव्यानंतर काळ्या डोंगरांवर विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून रायग्रास या परदेशी गवताचं बी पेरायचं. हेतू चांगला होता, हिवाळ्याच्या पावसात माती वाहून जाऊन खालच्या घरांवर येऊ नये. पण या हेतूमागे एक गृहीतक लपलेलं होतं, की जळालेली जमीन रिकामी आहे. ती रिकामी नसते. बिया आत भरलेल्या असतात आणि त्यांना धुराचा निरोप पोचलेला असतो. गवत जिथे दाट उगवलं तिथे त्याने आगीनंतरच्या देशी फुलांची आणि झुडपांच्या रोपांची जागा घेतली. पाऊस कमी झाला तर गवतही उगवत नाही आणि माती धरायच्या वेळी कामाला येत नाही. धूप थांबवण्याची खात्रीही मिळत नव्हती. हळूहळू हा प्रघात मागे पडला. माझं मत विचाराल तर त्या काळ्या उतारावर पहिल्या वर्षी काहीही न पेरणं हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं होतं, पण टीव्हीवर जळालेला डोंगर दिसत असताना 'आम्ही काही करणार नाही' असं सांगणारा अधिकारी शोधून सापडणं कठीण.

देशी झाडांच्या रोपवाटिकांमध्ये मात्र हे ज्ञान पटकन मुरलं. कुणी कुंडीवर वाळलेली पानं, काटक्या रचून पेटवतात. कुणी डब्यात धूर कोंडून बियांना देतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानाने तर धुराचा अर्क शोषलेले कागद तयार केले. ते पाण्यात भिजवायचे आणि त्या पाण्यात बी भिजत घालायचं. एवढ्या लांबलचक शोधाचं रूपांतर शेवटी भिजत घातलेल्या कागदात झालं याची मला उगीच मौज वाटते.

उलट बाजू कमी मौजेची आहे. एमेनान्थीच्या हिशोबात दोन वणव्यांमध्ये बरीच वर्षं जातात. दक्षिण कॅलिफोर्नियात रस्ते, विजेच्या तारा आणि माणसांची वस्ती वाढली तशा काही भागांत आगी फार जवळजवळ येऊ लागल्या. झुडपांना पुन्हा बी धरायला वेळ मिळत नाही. त्यांची जागा भूमध्य प्रदेशातून आलेली ब्रोमसारखी एकवर्षायु गवतं घेतात. ती लवकर वाळतात, लवकर पेटतात आणि पुढच्या आगीची सोय करून ठेवतात. अशा गवताळ उतारावर धूर तर दर काही वर्षांनी लागतो. पण एमेनान्थीचं अनुमान आता चुकतं. धूर आहे म्हणजे मोकळी जागा आहे, हा नियम तिथे लागू राहत नाही, कारण गवत त्याच पावसात, तिच्याआधी, दाट उगवून बसलेलं असतं. न्यायशास्त्राचे पंडित याला हेत्वाभास, म्हणजे फसवं कारण, म्हणतील.

आणखी एक प्रश्न मला अधूनमधून छळतो. नायट्रोजन डायऑक्साइड काही फक्त वणव्यातून येत नाही. मोटारींच्या धुराड्यांतूनही येतं, आणि लॉस एंजेलिसच्या भोवतीच्या डोंगरांवर शहराच्या हवेतला नायट्रोजन दशकानुदशकं साचत आला आहे. तिथल्या जुन्या, न जळालेल्या चॅपरॅलखाली पडलेलं बी या हवेला काय समजत असेल?

राहता राहिलं वाळवंट. हेच फूल मोहावे आणि सोनोरन वाळवंटांच्या खडकाळ उतारांवर आणि कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतही येतं. तिथे झाडी इतकी विरळ असते की आग पसरायला इंधनच नाही. हिवाळ्यात चांगला पाऊस झाला की वसंतात पिवळ्या घंटा लोंबतात. धुराचा मागमूस नसतो. जात तीच, मग तिथे निरोप कोण देतं? एक शक्यता अशी की वाळवंटातल्या वंशजांनी धुराची अट सैल केली असेल. दुसरी मला अधिक आवडते, पण हा माझा तर्क आहे, तसाच घ्या. या बीचं टरफल आणि खालचा पापुद्रा नीट खरवडला तर ते धुराशिवायही रुजू शकतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. आणि वाळवंटातल्या ओढ्याला पूर येतो तेव्हा तो खडी आणि वाळूबरोबर सगळं काही घासत, लोळवत खाली नेतो.